नियत आणि अनियत आकृति

भास्कराचार्यांची वाणी एरवीं प्रसन्न. लीलावतींत भ्रमर, हंस, मोर आणि कमळें यांच्या संगतींत त्यांनीं गणित शिकविलें, आणि शिष्यावर रागावण्याचा प्रसंग सहसा येऊं दिला नाहीं. परंतु क्षेत्रव्यवहारांत एके ठिकाणीं त्यांचा तोल सुटल्यासारखा वाटतो. चौकोनाच्या चार भुजा तेवढ्या सांगून, लंब अथवा कर्ण यांपैकीं एकहि न सांगतां, जो त्याचें निश्चित क्षेत्रफळ विचारतो त्यास ते पिशाच म्हणतात. आणि जो असल्या प्रश्नाचें उत्तर देऊं लागतो तो त्याहूनहि मोठा पिशाच, असें ठरवितात. चौकोनाची स्थिति 'अनियत' असते हें त्या दोघांसहि ठाऊक नसतें, हा त्यांचा अपराध.

हा राग अकारण नव्हता. चार भुजांवरून क्षेत्रफळ काढण्याचें सूत्र ब्रह्मगुप्तांच्या काळापासून, म्हणजे सातव्या शतकापासून, चालत आलें होतें. जो चौकोन वर्तुळांत बसतो त्याच्यापुरतें तें खरें आहे. इतर चौकोनांस तें लावल्यास फळ चुकतें. भास्कराचार्यांनीं तें कां चुकतें हें दाखविलें. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे आंत दाबले असतां त्यांना जोडणारा कर्ण आखूड होतो, उरलेले दोन कोपरे बाहेर सरकतात, आणि त्यांचा कर्ण लांबतो. भुजा मात्र होत्या तेवढ्याच राहतात. मग त्यांनीं उदाहरण घेतलें. प्रत्येक भुजा २५ असलेला समभुज चौकोन घ्या. एक कर्ण ३० धरला तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००. एक कर्ण १४ धरला तर दुसरा ४८ आणि क्षेत्रफळ ३३६. दोन्ही कर्ण समान धरले तर क्षेत्रफळ ६२५. भुजा त्याच, आकृत्या तीन. आकृति केवळ कागदावर स्थिर दिसते म्हणून ती खरोखर स्थिर आहे असें समजूं नये, हें इसवी सन ११५० मध्यें इतक्या स्वच्छपणें सांगणारा लेखक आम्हांस दुसरा माहीत नाहीं.

हें प्रकरण आज उकरून काढण्याचें कारण असें कीं, संगणकावर यंत्ररचना करणाऱ्या प्रत्येक तरुणापुढें तोच चौकोन उभा आहे. पॅरामेट्रिक कॅड म्हणून जी पद्धति गेल्या तीन-चार दशकांत सर्व कारखान्यांत रूढ झाली, तींत कोणताहि भाग घडवितांना प्रथम सपाट पृष्ठावर एक रेखाकृति काढतात. तीस स्केच म्हणतात. त्या स्केचमधील रेषांवर 'ही आडवी', 'ही उभी', 'या दोन समांतर', 'हें वर्तुळ त्या रेषेस स्पर्श करणारें', 'ही लांबी ८० मिलिमीटर' अशीं बंधनें घालतात, आणि मग ती आकृति उचलून, फिरवून किंवा पोखरून तिचा घन पदार्थ करतात. या बंधनांस व्यवहारांत कन्स्ट्रेंट म्हणण्याचा प्रघात आहे. आम्ही बंधन हाच शब्द वापरूं. आणि पुरतें बांधलेलें व अपुरतें बांधलेलें स्केच यांस भास्कराचार्यांचेच नियत व अनियत हे शब्द लावूं, कारण त्यांहून नेमके शब्द शोधूनहि सांपडत नाहींत.

येथें एक खुलासा अवश्य आहे. सर्व कांहीं आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असा दावा मांडण्यासाठीं आम्ही बसलों नाहीं. चाळीसगांवनजीक पाटणें येथें भास्कराचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला आणि तेराव्या शतकाच्या आरंभींचा त्याचा शिलालेख भाऊ दाजींनीं उजेडांत आणला, ही गोष्ट महाराष्ट्रास अभिमानाची आहे; परंतु त्या मठापासून अमेरिकेंतील प्रयोगशाळेपर्यंत कोणतीहि परंपरा पोंचत नाहीं. प्रश्न एकच होता आणि तो निरनिराळ्या लोकांस निरनिराळ्या वाटेनें भेटला, एवढेंच आमचें म्हणणें. या विषयाचा इतिहास बहुधा १९६३ पासून सांगितला जातो. तो यंत्राचा इतिहास झाला, प्रश्नाचा नव्हे.

ग्रीकांस तो त्रिकोणाच्या रूपानें भेटला. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकांत तीन दिलेल्या लांब्यांपासून त्रिकोण रचण्याची कृति बाविसाव्या सिद्धांतांत आहे, आणि कोणत्याहि दोन बाजू मिळून तिसरीहून मोठ्या असल्या पाहिजेत ही अट तेथेंच आहे. ती मोडली म्हणजे बंधनें परस्परविरोधी होतात आणि आकृति संभवतच नाहीं. याहून सूक्ष्म गोष्ट सातव्या सिद्धांतांत आहे. एका पायावर, एकाच बाजूस, त्याच त्या लांबीच्या दोन रेषा दोन निरनिराळ्या बिंदूंत मिळूं शकत नाहींत, असें तो सांगतो. 'एकाच बाजूस' हे शब्द शाळेंत आम्ही घोकले, पण त्यांचा भार पुष्कळांस कळत नाहीं. पायाच्या दुसऱ्या बाजूस तसाच एक त्रिकोण, आरशांतील प्रतिबिंबासारखा, नेहमींच उभा असतो. संगणकावर लांबी बदलतांच आकृति एकाएकीं उलटी होऊन बसते आणि विद्यार्थी गोंधळतो, तेव्हां तो या दोन शब्दांस अडखळलेला असतो.

देकार्तनें १६३७ सालच्या आपल्या भूमितीवरील ग्रंथांत हाच विचार अक्षरांच्या भाषेंत आणला. सर्व रेषांस, ज्ञात आणि अज्ञात अशा दोहींस, नांवें द्यावीं. मग जितकीं अज्ञातें तितकीं समीकरणें मिळवावीं. आणि तितकीं मिळत नसतील तर काय? तर प्रश्न पुरता ठरलेला नाहीं असें समजावें आणि उरलेल्या रेषांच्या लांब्या आपल्या मर्जीनें घ्याव्या. भास्कराचार्यांनीं ज्यास पिशाच म्हणून हांकलून दिलें असतें त्यास देकार्तनें अशी शांतपणें मोकळीक दिली! आजचीं कॅडचीं साधनें या बाबतींत देकार्तच्या पंथाचीं आहेत: अनियत स्केच तीं नाकारीत नाहींत, उरलेल्या गोष्टी आपल्या मर्जीनें धरून पुढें जातात. ही मर्जी कोणाची, हा प्रश्न पुढें येईलच.

एकोणिसाव्या शतकांत लोखंडी पूल आणि कैच्या उभ्या राहूं लागल्यावर प्रश्नास पैशाचें आणि प्राणांचें मोल आलें. सांध्यांनीं जोडलेला दांड्यांचा सांगाडा ताठ राहण्यास किती दांडे लागतात? १८६४ सालीं मॅक्सवेलनें याचा हिशेब दिला. सपाट पृष्ठावर प्रत्येक सांध्यास दोन दिशांनीं हलण्याची मोकळीक असते. प्रत्येक दांडा एक मोकळीक काढून घेतो. आणि सबंध सांगाडा जसाच्या तसा सरकविण्याच्या व फिरविण्याच्या मिळून तीन मोकळिकी कायम राहतात. म्हणून सांध्यांची दुप्पट करून तींतून तीन वजा करावे. चार सांध्यांस पांच दांडे: चार भुजा आणि एक कर्ण. लीलावतींत मागितलेला तो एक कर्ण येथें पुन्हां हजर आहे.

परंतु नुसती मोजणी पुरत नाहीं. सहा सांधे आणि नऊ दांडे घ्या. मॅक्सवेलच्या हिशेबानें तंतोतंत बरोबर. त्यांपैकीं सहा दांडे चार सांध्यांतच खर्च केले, म्हणजे चौकोनास दोन्ही कर्ण घातले, तर तेथें एक दांडा फुकट गेला. उरलेल्या दोन सांध्यांच्या वांट्यास तीनच दांडे आले, त्यांना हवे होते चार. सांगाडा एकीकडे गरजेहून अधिक जखडलेला आणि दुसरीकडे लटलटणारा होतो. एकूण बेरीज मात्र निर्दोष! तेव्हां नियम असा हवा कीं, सांध्यांचा कोणताहि गट घेतला तरी त्या गटांतल्या दांड्यांची संख्या त्याच्या वांट्याहून अधिक होतां कामा नये. ही पुरवणी १९२७ सालीं बर्लिन येथील हिल्डा पोलाचेक-गाइरिंगर या विदुषीनें जर्मन भाषेंत सिद्ध करून प्रसिद्ध केली.

या बाईंचें चरित्र येथें थोडक्यांत सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. व्हिएन्नांत १८९३ सालीं त्यांचा जन्म झाला. ज्यू असल्यामुळें १९३३ सालीं त्यांस बर्लिनच्या विश्वविद्यालयांतून काढून टाकण्यांत आलें. मग त्यांनीं कांहीं वर्षें इस्तंबूल येथें अध्यापन केलें, आणि १९३९ सालीं त्या अमेरिकेंत पोंचल्या. बर्लिनमध्यें जी योग्यता त्यांनीं मिळविली होती तिच्या तोडीची जागा तेथें त्यांस मिळाली नाहीं. स्त्रियांच्या महाविद्यालयांतून शिकवीत त्यांनीं काळ काढला, आणि १९७३ सालीं त्या वारल्या. मध्यंतरीं, १९७० सालीं, डच गणिती लामान यांनीं तोच सिद्धांत स्वतंत्रपणें शोधून प्रसिद्ध केला, आणि जगानें त्यास लामानचा सिद्धांत म्हणावयास आरंभ केला. यांत लामान यांचा दोष नाहीं. पण पुढें कित्येक वर्षें आकृतीच्या बंधनांवर लिहिणाऱ्यांनीं एकच नांव घेतलें आणि दुसरें घेतलें नाहीं. गाइरिंगरबाईंचा निबंध पुन्हां नजरेस येऊन त्यांचें नांव सिद्धांतास जोडलें जाऊं लागलें तें अलीकडे.

आतां १९६३. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लिंकन प्रयोगशाळेंत टीएक्स-२ नांवाचा एक मोठा संगणक होता. इतरत्र संगणक म्हणजे छिद्रें पाडलेलीं कार्डें देऊन तासांनीं उत्तर घेण्याचें यंत्र, अशा काळांत या यंत्रापुढें एक मनुष्य बसून त्याच्याशीं प्रत्यक्ष व्यवहार करूं शकत असे. आयव्हन सदरलंड या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें त्याच्या लहानशा पडद्यावर प्रकाशलेखणीनें चित्रें काढण्याची व्यवस्था रचली, तिचें नांव स्केचपॅड ठेवलें, आणि त्यावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. त्याचे मार्गदर्शक क्लॉड शॅनन होते.

प्रबंधाच्या आरंभींचें उदाहरण षट्कोनाचें आहे. कशाहि वांकड्यातिकड्या सहा रेषा काढाव्या. एक वर्तुळ काढावें. सहाहि कोपरे वर्तुळावर बसवावे. आणि सर्व भुजा समान असाव्या अशी आज्ञा करावी. पाहतां पाहतां ती वेडीवांकडी आकृति सरळ होऊन सुरेख सम षट्कोन होते. जुना आरेखक आधीं कंपास लावून अचूक बिंदू काढी आणि मग रेषा ओढी. येथें रेषा आधीं, अचूकपणा मागाहून. पुलाच्या कैचीचें चित्र काढून, तिच्यावर भार ठेवून, प्रत्येक दांड्यांतील बल पडद्यावर अंकांनीं दाखविण्याचा प्रयोगहि त्यानें केला. बंधनें पाळण्याची त्याची युक्ति दुहेरी होती. एकामागून एक सोडवितां येतील असा बंधनांचा क्रम सांपडला तर एकाच फेरींत काम उरके. न सांपडल्यास प्रत्येक बिंदु थोडा थोडा हलवून एकंदर चूक कमी करीत जावयाचें, ही हळू परंतु चिकाटीची रीत. सदरलंडनें एक मार्मिक निष्कर्षहि काढला: नुसतें चित्र काढावयाचें असेल तर कागद बरा, संगणकाचा खटाटोप चित्राहून अधिक कांहीं हातीं लागत असेल तरच सार्थ. पुढें १९८८ सालीं त्यास ट्युरिंग पारितोषिक मिळालें.

या निष्कर्षाकडे उद्योगधंद्यांनीं बराच काळ दुर्लक्ष केलें असें म्हणावें लागतें. पुढील वीस वर्षांत कारखान्यांत शिरलेले बहुतेक कॅडचे कार्यक्रम म्हणजे महाग आरेखनफळे होते. त्यांत रेषा होत्या, रेषांचे परस्परांशीं नातें नव्हतें. विद्वानांनीं मात्र धागा सोडला नाहीं. केंब्रिज येथें हिलयार्ड आणि ब्रेड यांनीं १९७८ सालीं परिमाणांचा विचार ताठ सांगाड्याच्या उपमेनें केला, म्हणजे मॅक्सवेलचा हिशेब पुन्हां दारांत आला. लाइट आणि गोसार्ड यांनीं १९८२ सालीं सर्व परिमाणें समीकरणें म्हणून एकदम सोडविण्याची रीत मांडली. लेनिनग्राडहून अमेरिकेंत आलेले गणिती सॅम्युएल गाइसबर्ग यांनीं १९८५ सालीं स्थापिलेल्या मंडळीनें प्रो-इंजिनिअर हा कार्यक्रम १९८८ सालीं बाजारांत आणला आणि परिमाण बदलतांच सबंध भाग नव्यानें घडतो हें कारखानदारांस दाखविलें. केंब्रिजमध्येंच १९८९ सालीं निघालेल्या डी-क्यूब्ड या मंडळीचा बंधनें सोडविणारा भाग पुढें अनेक कॅड कार्यक्रमांच्या पोटांत गेला. आकृतीचे त्रिकोणांसारखे तुकडे पाडून ते एकेक सोडविण्याची जॉन ओवेन यांची रीत १९९१ सालीं प्रसिद्ध झाली.

त्या वेळचा प्रो-इंजिनिअर कडक होता. स्केच नियत झाल्यावांचून तो पुढें पाऊल टाकूं देत नसे; शुद्ध भास्करपंथी म्हणावयास हरकत नाहीं. १९९५ सालीं आलेल्या सॉलिडवर्क्सनें अनियत स्केचहि चालूं दिलें आणि भेद रंगानें दाखविला: जें सैल तें निळें, जें नियत तें काळें. फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्यें नियत स्केच हिरवें होतें. ही सवलत लोकप्रिय झाली, आणि आमच्या मतें तिनें शिक्षणाचें नुकसानहि केलें. रंग न पाहतां पुढें जाण्याची संवय लागलेल्या विद्यार्थ्यास आपली आकृति अनियत आहे हें कळतें तें सहा महिन्यांनीं, दुसऱ्याच कोणी एक माप बदलल्यावर, जेव्हां एक भोंक आपली जागा सोडून भलतीकडे जातें आणि साचा चुकीचा कापला जातो. मर्जी कोणाची, हा मघांचा प्रश्न तो हाच. ती यंत्राची असते, आणि यंत्रास मर्जी नसते; समीकरण सोडवितांना जो आंकडा जवळ सांपडेल तो त्यानें घेतलेला असतो.

हिशेब वास्तविक अवघड नाहीं. चार सुट्या रेषा काढल्या, प्रत्येकीचीं दोन टोकें, प्रत्येक टोकास दोन मोकळिकी: एकूण सोळा. चार कोपरे जुळविले कीं आठ गेल्या. दोन रेषा आडव्या व दोन उभ्या केल्या कीं आणखी चार. लांबी ८० आणि रुंदी ५० सांगितली, दोन गेल्या. उरल्या दोन, कारण हा आयत अजून पृष्ठावर कोठेंहि सरकूं शकतो; त्याचा एक कोपरा मूळबिंदूवर ठेवला कीं शून्य. यानंतर 'समोरच्या भुजा समान' असें आणखी एक बंधन घालूं गेल्यास तें अनावश्यक होतें, यंत्र कुरकुरतें. आणि वरची भुजा ८१ असें म्हटल्यास विरोध उत्पन्न होऊन आकृति सुटेनाशी होते. जुन्या आरेखनशाळांतून एक माप कागदावर दोनदां लिहूं नये असा दंडक होता, तो याचसाठीं. दोन ठिकाणीं लिहिलेलें माप एके ठिकाणीं दुरुस्त होतें आणि दुसरीकडे तसेंच राहतें.

पण शून्य गांठलें म्हणजे काम संपलें, हा समजहि खोटा. त्याच आयतांत एक वर्तुळाकार भोंक मधोमध हवें आहे असें धरा. वर्तुळाच्या मोकळिकी तीन: मध्यबिंदूच्या दोन आणि व्यासाची एक. एका विद्यार्थ्यानें भोंक डाव्या कडेपासून ४० आणि तळापासून २५ अंतरावर ठेवलें. दुसऱ्यानें आयताचे समोरासमोरचे कोपरे मूळबिंदूशीं सममित केले आणि भोंकाचा मध्य मूळबिंदूवर बसविला. दोघांचीं स्केचें नियत, दोघांचीं हिरवीं, आणि छापून पाहिलीं तर एकसारखीं. उद्यां लांबी ८० ची १०० झाली कीं पहिल्याचें भोंक ४० वरच राहतें आणि मध्य सोडतें. दुसऱ्याचें मध्यें राहतें. पहिल्यानें आंकडा सांगितला, दुसऱ्यानें हेतु सांगितला. गुणांकन करणाऱ्या परीक्षकानें रंगाकडे पाहून थांबूं नये, एखादें माप बदलून पाहावें, असें आम्ही सहकाऱ्यांस नेहमीं सुचवितों. त्यांत दोन मिनिटें जातात आणि विद्यार्थ्याचें खरें ज्ञान उघडें पडतें. सैल राहिलेल्या रेषा 'जागच्या जागीं खिळ' या आज्ञेनें खिळून हिरवा रंग मिळविणाऱ्यांची युक्तीहि या परीक्षेंत टिकत नाहीं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी आणखी. आकृति आरंभींच अपेक्षित आकाराच्या जवळपास काढावी. कारण समीकरणें सोडविणारी रीत काढलेल्या आकृतीपासूनच वाटचाल सुरू करते, आणि युक्लिडच्या त्या दोन बाजूंपैकीं जी जवळ असेल तिकडे जाते. दुसरें, नातीं आधीं सांगावीं, मापें मागाहून. कोपऱ्यांच्या गोलाया स्केचमध्यें न काढतां घन पदार्थ झाल्यावर द्याव्या, म्हणजे स्केच लहान राहतें आणि बिघडल्यास बिघाड सांपडतो.

सपाट पृष्ठाची कथा अशी बरीचशी सुटलेली आहे. भाग तयार होऊन ते एकमेकांस जोडण्याची वेळ आली, म्हणजे तीन दिशांच्या अवकाशांत शिरलों, कीं पुन्हां पिशाच भेटतें. तेथें मॅक्सवेलचा हिशेब सांध्यांची तिप्पट वजा सहा असा आहे. आठ सांध्यांस अठरा दांडे हवे. पांच सांध्यांचे व नऊ दांड्यांचे, दोन टोंकांकडे निमुळते होत जाणारे दोन ताठ सांगाडे घेऊन त्यांचीं टोंकें परस्परांस जोडलीं, तर बरोबर आठ सांधे आणि अठरा दांडे भरतात, आणि गाइरिंगरबाईंच्या पद्धतीनें प्रत्येक गट तपासला तरी कोठेंहि अधिक सांपडत नाहीं. तरीहि दोन्ही सांगाडे त्या दोन टोंकांभोंवतीं, बिजागरीवरच्या दारासारखे, खुशाल फिरतात. गणिती या आकृतीस केळ्यांची जोडी म्हणतात. म्हणून सांगाडा ताठ आहे कीं नाहीं हें तेथें केवळ मोजून सांगतां येत नाहीं, प्रत्यक्ष आंकडे घालून तपासावें लागतें. आणि सपाट पृष्ठावर १९२७ सालीं जो नियम हातीं लागला त्याच्या तोडीचा नियम अवकाशांतील सांगाड्यांसाठीं अद्याप कोणासहि सांपडलेला नाहीं.